लंडनची न्यू रूटमास्टर बस: बांधली मागच्या दारासाठी, आणि मागचं दारच बंद केलं

आईला कुणी विचारलं की लंडनला काय बघितलंस, तर ती राजवाडा नाही सांगत, ते मोठं घड्याळ पण नाही, ती सांगते "अगो, थंयच्या बसीक पांवडोच ना!" म्हंजे तिथल्या बसला पायरीच नाही. वय बाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि सगळं आयुष्य म्हार्दोळ ते पणजी नाहीतर म्हार्दोळ ते फोंडा असं बसने काढलेलं, त्या बाईला ही गोष्ट राजवाड्यापेक्षा मोठी वाटली तर मला तरी त्यात नवल वाटत नाही. तर हा रिव्ह्यू त्या बसचा.

आपल्याकडचं आधी सांगते म्हंजे माझं माप कुठलं ते कळेल. पणजीला जाणारी खासगी बस, बहुतेकवेळा छोटी, पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर, त्यावर अजून दोन पायऱ्या, दारात कंडक्टर लोंबकळतोय, शिटी वाजली की गाडी हलली समजायचं. एकदा बाणस्तारीच्या बाजाराच्या दिवशी आईचा एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असतानाच बस निघाली होती, कंडक्टरनेच "राव रे राव, म्हातारी चडटा" म्हणून ओरडून थांबवली आणि दंडाला धरून वर ओढून घेतली. कुठली बस ते नाही सांगत, कारण तशी कुठलीही असू शकते. तेव्हापासून ती बसजवळ गेली की आधी पायरीकडे बघते, मग बोर्डाकडे.

लंडनला ताई वेंबलीला राहते, २०२३ च्या जुलैमधे आम्ही दोघी तिच्याकडे गेलो होतो. ताई म्हणाली ट्यूबमधे, म्हंजे तिथल्या भुयारी रेल्वेत, जिने फार, आईला बसनेच फिरव. मी मुद्दाम ३८ नंबर धरली, व्हिक्टोरियाहून निघते आणि ग्रीन पार्क, पिकाडिली, शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, एंजल, डाल्स्टन, हॅकनी करत क्लॅप्टन पाँडला जाते. ही तीच लाइन जिच्यावर २७ फेब्रुवारी २०१२ ला ही न्यू रूटमास्टर पहिल्यांदा माणसं घेऊन धावली. बस आली, फुटपाथला चिकटून उभी राहिली, आणि ड्रायव्हरने आईची काठी बघितली असणार, कारण फुस्स असा मोठा सुस्कारा टाकून पूर्ण गाडी आमच्या बाजूला खाली बसली. आई दचकून एक पाऊल मागे सरली, तिला वाटलं टायर गेला. मग बघितलं तर बसचा फ्लोअर आणि फुटपाथ जवळजवळ एकाच लेव्हलला. देवळाचा उंबरठा ओलांडावा तशी ती आत गेली, कठड्याला हात न लावता. मी मागे उभी राहून फक्त बघत होते आणि मागचे लोक माझ्यासाठी थांबले होते.

हे खाली बसणं कसं जमतं ते मी नंतर वाचून काढलं, कारण माझ्या डोक्यातून जाईना. साध्या बसला चाकांना जोडणारा जाड अॅक्सल चाकाच्या मधोमध, आडवा सरळ जातो, आणि फ्लोअर त्याच्या वर टाकावा लागतो, म्हणून पायऱ्या येतात. लो-फ्लोअर बसमधे मागचा अॅक्सल मधेच खाली वाकवलेला असतो, म्हंजे टोकांना चाकं वर आणि पोट खाली, त्यामुळे मधला पॅसेज रस्त्यापासून फक्त तीस-पस्तीस सेंटिमीटरवर ठेवता येतो. इंजिन मागच्या कोपऱ्यात ढकलतात. आणि स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, त्यातली हवा दाराच्या बाजूने सोडली की गाडी गुडघे टेकते, निघताना परत भरून घेते. व्हीलचेअरसाठी मधल्या दारातून रॅम्प बाहेर सरकतो. अर्थात फुकट काही मिळत नाही, चाकं तिथेच असतात, फक्त ती आता माणसांच्या जागेत घुसतात, म्हणून खालच्या डेकवर काही सीट उंच चौथऱ्यावर चढवलेल्या दिसतात आणि एकूण सीट कमी बसतात. या बसमधे बासष्टच्या आसपास सीट आहेत, त्यातल्या चाळीस वर. म्हंजे ज्याचे पाय धड आहेत त्याने वर जायचं आणि खालची जागा आईसारख्यांसाठी, असा तो हिशोब आहे, आणि मला तो पटला.

आता मुद्दा असा की ही बस खरंतर आईसाठी बनवलेलीच नव्हती, म्हंजे लो-फ्लोअर असणं कायद्याने भागच होतं, पण हिचा जीव होता मागच्या दारात. त्यासाठी जुनी गोष्ट सांगायला पाहिजे.

जुनी रूटमास्टर, सगळ्या पोस्टकार्डांवर असते ती लाल गोलमटोल, १९५४ ला तिचा पहिला नमुना आला आणि १९६८ पर्यंत २८७६ गाड्या बनल्या. अॅल्युमिनियमची बॉडी, ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमधे एकटा, मागे कायम उघडा प्लॅटफॉर्म आणि एक दांडा, सिग्नलला गाडी थांबली की चढा, मंदावली की उतरा, कंडक्टर आत तिकीट फाडत फिरतोय. आपल्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपण तसेच वाढलो. पण त्या प्लॅटफॉर्मला पायरी होती, व्हीलचेअर चढूच शकत नव्हती, बाबागाडी घेऊन आलेली आई रडकुंडीला यायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लो-फ्लोअर डबल डेकर बनवायचं तंत्र आलं, अपंगांच्या हक्काचे कायदे आले, आणि ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या रूटवर शेवटची रोजची रूटमास्टर धावली. लोक रस्त्यावर उभे राहून रडले म्हणे. रडणाऱ्यांमधे व्हीलचेअरवाले किती होते असं मला विचारावंसं वाटतं, पण असो.

दरम्यान लंडनमधे मधे अॅकॉर्डियन असलेल्या लांबलचक बेंडी बस पण आल्या होत्या, त्या तिथल्या लोकांना मुळीच आवडल्या नाहीत. २००८ ला बोरिस जॉन्सन मेयरच्या निवडणुकीला उभे राहिले ते या बेंडी बस काढून टाकीन आणि रूटमास्टर परत आणीन असं सांगत. निवडून आले, स्पर्धा ठेवली, पहिलं बक्षीस दोघांत वाटलं गेलं, एक कॅपोको डिझाइन आणि दुसरी जोडी फॉस्टर अँड पार्टनर्स आणि ॲस्टन मार्टिन, दोघांना पंचवीस-पंचवीस हजार पाउंड. आणि मग प्रत्यक्ष बस बनवायचं काम गेलं उत्तर आयर्लंडमधल्या बालिमीना गावच्या राइटबसकडे, आणि रूपरंगाचं काम हेदरविक स्टुडिओकडे. लग्नाला मुली बघितल्या चार आणि लग्न लागलं पाचवीशीच, तसं.

पण दिसायला मात्र बस खरंच देखणी आहे, यात माझं दुमत नाही. एक तर ती दोन्ही बाजूंनी सारखी नाहीये. पुढची काच दाराच्या बाजूला खाली उतरत जाते, म्हंजे ड्रायव्हरला फुटपाथवरची लहान मुलं पण दिसतात. आणि काचेचा एक लांब काळा पट्टा पुढून सुरू होऊन बाजूने वर चढतो, मागे दुसरा तसाच, ते दोन्ही आतल्या जिन्यांबरोबर वर जातात, त्यामुळे जिना चढताना बाहेरचा रस्ता दिसत राहतो. मी डबल डेकरचा जिना म्हटलं की दादरला मावशीकडे गेलो की बसायचो त्या बेस्टच्या बसचा अंधारा, तेलकट, डोकं आपटणारा जिना आठवते, त्यामानाने हा म्हंजे एखाद्या चांगल्या बंगल्यातला. सीटचं कापड लालसर, त्याच्यावरची नक्षी पण हेदरविकवाल्यांनी खास केलेली, दिवे पिवळसर उबदार, हॉस्पिटलसारखे पांढरे नाहीत. तीन दारं, दोन जिने. लांबी सव्वाअकरा मीटरच्या आसपास, उंची साधारण ४.४ मीटर. आणि या ४.४ मधेच दोन मजले बसवायचेत हे लक्षात घ्या, वरचं छत बुटकं आहे, उंच माणसाला मान झुकवूनच चालावं लागतं, त्यात खिडक्या पण मोठ्या नाहीत. माझी उंची पाच फूट एक, मला काय.

तर मागचं दार. तिसरं दार आणि दुसरा जिना कशासाठी, तर जुन्यासारखा उघडा प्लॅटफॉर्म हवा म्हणून. दिवसा मागचं दार उघडंच ठेवायचं, लोकांनी हवं तिथे उडी मारून चढायचं-उतरायचं, रात्री दार लावून घ्यायचं. पण उघडं दार म्हटलं की तिथे माणूस पाहिजे, म्हणून काही रूटवर प्रत्येक बसला एक कंडक्टर ठेवला. आणि हा कंडक्टर तिकीट देत नव्हता! पैसे घेत नव्हता! फक्त मागे उभं राहून लोक नीट चढतात-उतरतात का ते बघायचं. हे मी म्हार्दोळच्या बसस्टॉपवर एका कंडक्टरला सांगितलं तर तो इतका हसला की त्याची पुढची हाक मारायची राहिली. आपला कंडक्टर पैसे घेतो, सुटे देतो, "फुडें वच, फुडें वच, मदीं जागो आसा" करतो, माशांची पाटी टपाकडे सरकवतो, कुणाचं पार्सल कुठल्या दुकानात द्यायचं ते लक्षात ठेवतो, कॉलेजच्या पोरांशी भांडतो, आणि वर म्हाताऱ्यांना ओढून घेतो. एका माणसात पाच नोकऱ्या. तिथे एका नोकरीसाठी एक माणूस, आणि तोही काही वर्षंच, कारण खर्च परवडेना. २०१६ ला सगळे कंडक्टर काढले, वर्षाला सुमारे एक कोटी पाउंड वाचतील असं सांगितलं गेलं. कंडक्टर गेला म्हंजे दार उघडं ठेवता येईना, तेव्हापासून ते फक्त स्टॉपवर उघडतं, बाकी दोन दारांसारखंच.

इथेच संपलं नाही. तिन्ही दारांतून चढायची मुभा होती, प्रत्येक दाराला कार्ड टेकवायचं मशीन होतं, आणि ड्रायव्हर पुढे बसलेला, त्याला मागे कोण टेकवतोय आणि कोण नुसताच शिरतोय हे कसं कळणार. फुकटे वाढले. मग २०२० ला ठरवलं की चढायचं फक्त पुढच्या दारातून, मधलं आणि मागचं उतरायला. म्हंजे बघा, ज्या दारासाठी खास बस डिझाइन केली, जिना जास्तीचा घातला, सीट घालवल्या, वजन वाढवलं, ते दार आता फक्त बाहेर जायचा रस्ता. आम्ही गेलो तेव्हा मी हौसेने मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, तो दांडा धरून. बंद काचेच्या मागून शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू बघत. मजा आली, पण ती खिडकीत उभं राहायची मजा, दारात उभं राहायची नव्हे, आणि ज्याने म्हापसा-पणजी बसच्या दारात पावसाचं पाणी तोंडावर घेतलंय त्यालाच हा फरक कळेल. (करू नका तसं, आई वाचत असेल.)

गरम होण्याचं प्रकरण पण गाजलेलं. सुरुवातीला वरच्या खिडक्या उघडतच नव्हत्या, आत हवा थंड ठेवायची यंत्रणा होती पण उन्हाळ्यात ती पुरेना, तिथल्या पेपरवाल्यांनी "रोस्टमास्टर" नाव ठेवलं. शेवटी २०१५ ला ठरलं की उघडणाऱ्या खिडक्या बसवायच्या, त्याला वीसेक लाख पाउंड खर्च. आम्ही गेलो तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि आईने शाल सोडली नव्हती, त्यामुळे मला यावर स्वतःचं मत नाही. पण ज्या देशात जुलैत शाल लागते तिथल्या इंजिनियरना खिडकी उघडावी लागेल हे सुचलं नाही याचं मला तितकं आश्चर्य नाही वाटत, आपल्याकडे उलटं असतं, खिडक्या आहेत पण पावसाळ्यात बंद होत नाहीत.

मशीन हायब्रिड आहे. कमिन्सचं साडेचार लिटरचं डिझेल इंजिन, पण ते चाकं फिरवत नाही, जनरेटर फिरवतं, त्यातून बॅटरी भरते आणि चाकं फिरवते इलेक्ट्रिक मोटर, ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत. म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी बिनआवाज सरकते आणि मग मधेच कधीतरी मागे इंजिन गुरगुरायला लागतं, आईने दोनदा वळून बघितलं. २०१५ च्या सुमारास बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या आणि त्या जवळजवळ डिझेलवरच धावताहेत अशी बातमी आली, मग वॉरंटीमधे बदलून दिल्या गेल्या.

पैशाची बाजू. २०१२ ला ६०० गाड्यांची ऑर्डर दिली तेव्हा एकीचा भाव साडेतीन लाख पाउंडच्या वर पडला. लंडनमधे एरवी बस विकत घेतात खासगी ऑपरेटर, मग कंत्राट संपलं की त्या दुसऱ्या गावाला विकतात. ही इतकी लंडनचीच म्हणून बनवलेली की दुसऱ्या गावात तिचं करायचं काय, म्हणून शहराच्या ट्रान्सपोर्ट खात्याने स्वतःच घेऊन ऑपरेटरना वापरायला दिल्या. जून २०१३ ला २४ नंबरचा पूर्ण रूट पहिल्यांदा हिच्यावर गेला, मग ११, ९, ३९० असे एकेक, आणि २०१७ पर्यंत आकडा गेला हजारावर. २०१६ ला सादिक खान मेयर झाले होते, आणि यापुढे अजून घ्यायच्या नाहीत असं ठरलं. बाहेरच्या शहरांना पण दाखवून आणली होती, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. राइटबस कंपनी सप्टेंबर २०१९ ला बुडाली, आणि ती वाचवली कुणी, तर जो बॅम्फर्ड यांनी, आपल्या जेसीबीवाल्या बॅम्फर्ड घराण्यातले! आपल्याकडे जेसीबी म्हंजे डोंगर कापायला येतो तो पिवळा राक्षस, आणि तिकडे त्याच घरातल्या माणसाने डबल डेकर वाचवल्या आणि पुढे हायड्रोजनवर चालणाऱ्या पण काढल्या. जग छोटं आहे.

मुंबईचं पण सांगायला हवं, कारण परत येताना आम्ही मावशीकडे थांबलो होतो. बेस्टची डबल डेकर १९३७ पासूनची, आणि जुन्या डिझेलवाल्यांचा शेवटचा दिवस होता १५ सप्टेंबर २०२३, आम्ही त्याच्या महिनाभर आधी शेवटचं बसून घेतलं. त्यांच्या जागी आता एसीवाली इलेक्ट्रिक डबल डेकर आहे, स्विच कंपनीची, फेब्रुवारी २०२३ पासून फोर्टमधे धावते, तिलाही दोन जिने आणि दोन दारं, ६५ सीट. दिसायला ती लंडनवालीच्या जवळपासही नाही. पण वर एसी चालतो आणि खिडकीवरून वाद नाही. डिझाइनवाल्यांना दहा पैकी नऊ द्यायचे की एसीवाल्यांना, हे तुम्ही मे महिन्यात ठरवा.

आपल्याकडे डबल डेकर चालेल का असं मला घरी सगळ्यांनी विचारलं. आमच्या म्हार्दोळला नाही बाबा, फणसाच्या फांद्या आणि विजेच्या वायरी बघा, वरच्या डेकवरचा माणूस पणजीला पोचेपर्यंत फणस घेऊन उतरेल. पणजीच्या मळा, फोंतैन्यश या जुन्या भागांत तर वळणारच नाही. पण रायबंदरच्या त्या जुन्या बांधावरून, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात घातलेला तो, एका बाजूला मिठागरं आणि एका बाजूला मांडवी, तिथून वरच्या डेकच्या पहिल्या सीटवर बसून जायला मिळालं तर मी रोज पंधरा मिनिटं लवकर निघेन. मला डबल डेकर नाही दिली तरी चालेल, ती खाली बसणारी तेवढी द्या. गोव्याच्या सरकारी कदंबाच्या नवीन इलेक्ट्रिक गाड्या पणजीत दिसायला लागल्यात, आईचं लक्ष अजून पायरीवरच.

तुम्ही जाणार असाल तर, रोख पैसे काढूच नका, २०१४ पासून तिथल्या बसमधे रोख चालत नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर, म्हंजे तिथलं प्रवासाचं कार्ड, टेकवायचं. आम्ही गेलो तेव्हा पावणेदोन पाउंड, साधारण १८० रुपये, आणि एका तासात कितीही बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. बदलायचा तास मोजत आम्ही तीन बस केल्या, गोंयकाराला फुकट म्हटलं की कसं होतं. वरच्या डेकवर पहिली सीट मिळाली नाही तर मागचा जिना धरा, तिथून काचेतून उतरताना छान दिसतं. गुडघेवाल्यांनी पुढच्या दाराजवळ, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं.

स्टार देते साडेतीन. एक पूर्ण स्टार आईच्या पायरीचा, एक दिसण्याचा, एक त्या जिन्याचा. अर्धा मागच्या दांड्याला, आठवण म्हणून.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघी फोंड्याला निघालो. बस आली, आई पायरीसमोर काठी टेकून नुसती उभी राहिली, चढेना. मला क्षणभर कळलं नाही, मग लक्षात आलं की ती गाडी खाली बसायची वाट बघतेय. मी हसायला लागले. कंडक्टरने शिटी तोंडातून काढली, "कितें जालें गो माये, चड बेगीन" म्हणत खाली उतरला, एका हाताने काठी घेतली आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला.